जेवणाच्या सुट्टीत फेरफटका आणि आडवा आलेला मोर्चा: तुम्ही थांबता का?

पायपीट:
ऑफिस फोर्टात. डबा साडेबारालाच फस्त होतो, मग उरलेला वेळ खुर्चीला चिकटून बसण्यापेक्षा मी बाहेर पडतो. हॉर्निमन सर्कल, हुतात्मा चौक, दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ महापालिकेपर्यंत आणि आझाद मैदानाच्या कडेने परत. या वाटेवर महिन्यातून निम्मे दिवस तरी कुणाचं ना कुणाचं आंदोलन भेटतंच. कधी शिक्षक, कधी गिरणी कामगारांचे वारस, कधी नुसतेच चार म्हातारे, एक बॅनर आणि एक कुत्रा.

परवा अंगणवाडी सेविका होत्या. वर ताडपत्री, खाली सतरंज्या, माईकवर कोणीतरी बोलतंय आणि मागच्या रांगेतल्या बायका पिशव्या उशाला घेऊन आडव्या झालेल्या. मी कडेने चाललो होतो तर एकीने हाक मारली, "दादा, इथं बायकांची सोय कुठंय?" मी स्टेशनातली सांगितली. तर म्हणे, "तिथवर गेले तर हे पोलीस परत आत सोडतील का?" याचं उत्तर मला कुठलं माहीत असायला? बॅरिकेडवरच्या हवालदाराला विचारून आलो, सोडतील म्हणाला. मग विचारलं कुठून आलात. जव्हारच्या पुढून, रात्रीच निघालो. मागण्या काय आहेत म्हटलं तर हातात पत्रक दिलं. "यात समदं लिवलंय. वाचा निवांत, तुमची सुट्टी संपंल." सोबतचा सहकारी तोवर माझी बाही ओढायला लागला होता, दोनची मीटिंग होती.

तर प्रश्न असा. तुम्ही अशा वेळी थांबता का? बोलता, फोटो काढता, की फोन कानाला लावून पुढे सटकता? आणि आपण पाच मिनिटं थांबल्याने त्यांना काडीचा तरी फरक पडतो का? माझं मत: पडत असेल-नसेल, पण थांबावं आणि एक तरी प्रश्न विचारावा.

(कुठल्या आंदोलनाचं बरोबर, कुठलं चूक हा वाद इथे नको, त्यासाठी वेगळे धागे ओसंडून वाहतायत.)

खारेदाणे:
साडेबाराला डबा? आमच्याकडे अकराला सगळ्यांचे डबे हुंगून झालेले असतात.

बाकी धागा चांगला आहे, शंभरी गाठणार. दाणे घेऊन बसलोय.

आठ_सत्तावन्न_फास्ट:
मी थांबत नाही. स्पष्टच सांगतो. आंदोलन करणाऱ्यांबद्दल आकस नाही, पण या शहरात सकाळी दीड तास उभ्याने प्रवास करून पोचणाऱ्यालाही काही हक्क आहेत की नाहीत? २०२५च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणाच्या आंदोलनात सीएसएमटीला उतरणाऱ्यांचे काय हाल झाले ते ज्यांनी भोगले त्यांना विचारा. फलाटावर माणसं झोपलेली, रस्त्यावर चुली, टॅक्सी मिळेना, जेजेकडे निघालेले पेशंट अडकलेले. शेवटी कोर्टाला सांगावं लागलं रस्ते मोकळे करा म्हणून. आपण थांबून कौतुकाने बघत बसलो तर उद्या आणखी चार जण रस्त्यावर येतील.

मागण्या मांडायला मार्ग आहेत. निवेदन द्या, कोर्टात जा, निवडणुकीत दाखवा.

घोडा_काळा:
आठ_सत्तावन्न, रस्ता तर आंदोलकांकडून कधीच काढून घेतलाय हो. आम्ही कॉलेजात असताना मोर्चे पार काळा घोड्यापर्यंत यायचे, तिथे पोलीस अडवायचे, तिथेच सभा व्हायची. मंत्रालय हाकेच्या अंतरावर. मग १९९७ मध्ये नरिमन पॉइंट-चर्चगेट भागातले रहिवासी हायकोर्टात गेले, रोजच्या मोर्चांनी जगणं मुश्कील झालंय म्हणून. तेव्हापासून दक्षिण मुंबईतली आंदोलनं आझाद मैदानाच्या एका तुकड्यात गेली. तुम्ही म्हणताय त्या २९ ऑगस्टच्या आंदोलनाची परवानगीही ५,००० माणसं, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आणि एकच दिवस अशीच होती. आली त्याच्या कितीतरी पट, आणि तिथून पुढचं रामायण घडलं, हे मान्य.

पण त्याआधी आणि त्यानंतर वर्षाचे बाकीचे दिवस? त्या तुकड्यात कोण बसलंय हे मंत्रालयातल्या माणसाला खिडकीतून दिसतही नाही. दिसतं ते फक्त धागाकर्त्यासारख्या पाय मोकळे करणाऱ्यांना. म्हणून मी थांबतो. दुसरं कोण बघणार त्यांच्याकडे?

आठ_सत्तावन्न_फास्ट:
बघण्याने पोट भरतं का त्यांचं?

घोडा_काळा:
न बघण्याने तुमची आठ सत्तावन्न वेळेवर येते का?

खारेदाणे:
पहिला षटकार. दाणे संपत आले.

संत्रा_बर्फी:
तुम्ही मुंबईकर एका मोर्चाने इतके हडबडता? आमच्या नागपुरात हिवाळी अधिवेशन लागलं की दुपारी जेवायला बाहेर पडायची सोय नाही. माझं ऑफिस सीताबर्डीत. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे सुटतात, कोणी टेकडी रोडला अडवला, कोणी मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला. एकामागून एक. आम्ही खिडकीतून टोप्यांचे रंग पाहून ओळखायची शर्यत लावतो, हरणाऱ्याने तर्री पोहे द्यायचे. डिसेंबरात घोषणा ऐकू आल्या नाहीत तर चुकल्यासारखं वाटतं बाप्पा.

पण गंमत एका बाजूला. याच रस्त्यावर २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा अडवला होता. लोकं संध्याकाळपर्यंत तिथेच बसून, निवेदन घ्यायला कोणी येईना. मग लाठीमार, चेंगराचेंगरी, आणि ११४ माणसं गेली. बायका आणि लेकरंच जास्त. सवलतीसाठी जमातींच्या यादीत नाव पाहिजे एवढंच मागत होते. पुढे ते प्रकरण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये तिथे हरले. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, बर्डीच्या उड्डाणपुलाला नाव आहे. त्या पुलावरून रोज जाणारे किती जण ते पूर्ण नाव घेतात माहीत नाही, पण माझे वडील अजूनही तिथून स्कूटर नेताना गप्प होतात.

वर कोणी म्हणालं ना, निवेदन द्या. द्यायलाच आले होते ते.

आठ_सत्तावन्न_फास्ट:
संत्रा_बर्फी, गोवारींचं प्रकरण वाचलं होतं. ११४ हा आकडा विसरलो नव्हतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माझा मुद्दा रस्ता अडवण्यापुरता आहे आणि तो कायम आहे.

पेठेतला_पाटा:
पुण्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. दुपारी मोर्चा काढला तर घोषणांनी झोपमोड होते म्हणून शेजारचे काका खाली उतरून आंदोलकांना असे काही झापतात की सरकार बरं वाटावं. हलके घ्या.

अभ्यासिका_नवी_पेठ:
पाटा, ते काका ११ मार्च २०२१ ला घरी नव्हते वाटतं. १४ तारखेला एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा, आणि तीन दिवस आधी दुपारी बातमी आली की परीक्षा पुढे ढकलली. कोरोनाचं कारण. मी नवी पेठेतच होते. मेसमधून जेवून येत होते, हातात रिकामा डबा. शास्त्री रोडवर येऊन बघते तर पोरं रस्त्यावर बसायला लागलेली. कुणी बोलावलं नव्हतं, कुठली संघटना नाही, बॅनर नाही, परवानगी तर नाहीच. बघता बघता रस्ता भरला. मी डब्यासकट बसले.

तुमच्यापैकी कोणाला तो रस्ता त्या दिवशी आडवा आला असेल तर आला असेल. वर्षानुवर्षं गावाकडून पैसे मागवून अभ्यास करणाऱ्याला परीक्षेची तारीखही धड मिळू नये, मग त्याने 'मार्ग' कोणता धरायचा? परीक्षा शेवटी २१ मार्चला झाली. निवेदनाने झाली असती का, मला शंका आहे.

आणि हो, मेसचे काका संध्याकाळी स्वतः शोधत आले होते. डब्यासाठी. पोरांनी तो घोषणेच्या तालावर बडवून पोचे पाडले होते.

पेठेतला_पाटा:
डब्याचे पैसे कापले का काकांनी? (पुणेकर म्हणून विचारतोय.)

अभ्यासिका_नवी_पेठ:
डिपॉझिटमधून. :)

उंबरठा_पंचाहत्तर:
मुलांनो, माझं वय पंचाहत्तरीच्या पुढे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मी १९७१ मध्ये फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. दुष्काळ आणि महागाईचे दिवस. रेशनवर जे मिळे ते निवडता निवडता हात दुखत, तेलासाठी रॉकेलसाठी रांगा. ७२ मध्ये मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते या सगळ्यांनी पक्ष बाजूला ठेवून महागाईविरोधात बायकांची समिती केली, आणि मग ते लाटणं-थाळीचे मोर्चे. तोवर मोर्चा म्हणजे लाल बावटा आणि गिरणीतले पुरुष असंच आमच्या डोक्यात. इथे बघते तर गिरगाव, परळ, गोरेगावच्या आमच्यासारख्याच बायका, अंबाड्यात गजरा आणि हातात लाटणं.

आम्ही कचेरीतल्या मुली जेवणाच्या सुट्टीत खाली उतरायचो. मोर्चात जायची परवानगी नव्हती, नोकरीचा प्रश्न. मग आमच्यातल्या एकीने युक्ती काढली. डब्याची झाकणं घेऊन फुटपाथवर उभं राहायचं आणि मोर्चा समोरून गेला की वाजवायची. फुटपाथवर उभं राहून झाकण वाजवू नये असा नियम काही सेवा-शर्तींत नव्हता! साहेबांनी बोलावून विचारलं, तर तिने शांतपणे सांगितलं, साहेब, झाकण घट्ट बसलं होतं, सैल करत होते.

त्याच मृणालताई, गोरेगावात पाण्यासाठी लढून 'पाणीवाली बाई' झालेल्या, पुढे ७७ ला लोकसभेवर गेल्या. तेव्हा भिंतीभिंतींवर होतं, "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में."

पायपीट यांच्या प्रश्नाला उत्तर: आम्ही थांबायचो. त्यांना फरक पडायचा का ते त्यांनाच ठाऊक, मला पडला. नवऱ्याने रेशनच्या रांगेत उभं राहायला सुरुवात केली ती त्यानंतर. लाटणं कशाकशासाठी उचलता येतं हे घरी सविस्तर सांगितलं होतं.

खारेदाणे:
आजी, _/\_

शेवटच्या वाक्यासाठी वेगळा दंडवत.

संत्रा_बर्फी:
"झाकण घट्ट बसलं होतं, सैल करत होते." हे मी उद्या ऑफिसात वापरणार.

झूम_लेन्स:
फोटोबद्दल कोणीच बोललं नाही. मी काढते. हौशी आहे, रस्त्यावरचे फोटो हाच छंद. माझा अनुभव असा की आंदोलकांना फोटो हवा असतो. चॅनेलवाले येत नाहीत अशा आंदोलनांत तर जास्तच. कॅमेरा दिसला की बॅनर सरळ करतात, पदर नीट घेतात, "ताई, नाव दिसतंय ना गावाचं?" म्हणून विचारतात. फक्त झोपलेल्या, जेवणाऱ्या, पाय दाबत बसलेल्या माणसांचे काढू नयेत. तेच फोटो सगळ्यात 'भारी' येतात, म्हणूनच काढू नयेत.

घोडा_काळा:
सहमत. आणि काढलाच तर सोसायटीच्या ग्रुपवर 'बघा यांना कामधंदा नाही' असं लिहून टाकू नये. आमच्या ग्रुपवर एकाने टाकला होता. फोटोतल्या शिक्षकांपैकी एक निघाले त्याच्याच भाच्याचे गुरुजी.

बालवाडी_ते_बी_ई:
एरवी वाचनमात्र असते, पण धागा अंगणवाडीवरून निघालाय म्हणून लिहिते. माझी आई मराठवाड्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. तिच्या मानधनावर आणि वडिलांच्या कोरडवाहूवर मी इंजिनियर झाले. आता अंधेरीत नोकरी.

आई मुंबईला आंदोलनाला येते तेव्हा काय होतं ते सांगते. बीटमधल्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या, बायका वर्गणी काढून जीप करतात, नाहीतर एसटी आणि पुढे रात्रीची पॅसेंजर. भाकऱ्या आदल्या दिवशी थापायच्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा, कारण भाजी टिकत नाही. मैदानात आल्यावर पहिला प्रश्न पायपीट यांना ज्या ताईंनी विचारला तोच. निघतानाच बायका पाणी प्यायचं कमी करतात. उन्हात दिवसभर बसायचं आणि घोटघोट पाणी. परत गेल्यावर आठवडाभर लघवीला जळजळ, हे दरवेळचं. इथे वर रस्ते अडवण्यावर एवढं लिहून आलं, पण हजारो बायका जिथे येणार हे आधी माहीत असतं तिथे चार फिरती शौचालयं वाढवून का ठेवत नाहीत, यावर कोणी तरी लिहा.

मागण्यांचं विचाराल तर नव्या काही नसतात. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पन्नास वर्षं होऊन गेली तरी सेविका सरकारी कर्मचारी नाहीत, 'मानधनी' आहेत. २०२३च्या बजेटमध्ये सेविकेचं मानधन १०,००० आणि मदतनिसाचं ५,५०० झालं. त्या वेळी तुमच्याकडे घरकामाच्या बाई किती घरं करून किती मिळवायच्या ते आठवा आणि ताडून पाहा. वर कामं काय? पोरांची वजनं-उंच्या, आहार, गरोदर बायकांची नोंद, लसीकरणाला गोळा करणं, निवडणूक आली की तेही. रजिस्टर होती तेव्हा बरं होतं. मग मोबाइल आले. सरकारी फोन इतके मंद की फोटो चढेना, अॅप चालेना, आणि त्यात सगळं इंग्रजी. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन परत नेऊन दिले. आईने तो फोन पिशवीत गुंडाळून, वर हळदीकुंकू लावून दिला होता. कारण विचारलं तर म्हणाली, घरातून काही जाताना असंच देतात.

२०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे. आठ_सत्तावन्न, तुम्ही म्हणालात ना कोर्टात जा? गेल्या, जिंकल्या. आणि मग तो निकाल अमलात आणा म्हणून परत मैदानात बसल्या.

थांबल्याने फरक पडतो का? आईला विचारलं फोनवर. म्हणाली, "मुंबईत एका माणसानं चहा पाजला होता. बाकीचे घड्याळ बघत जात होते. त्यांची बी नोकरी असते बाई." एवढंच.

पायपीट:
बालवाडी_ते_बी_ई, तुम्ही लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. ग्रॅच्युइटीचा मुद्दा त्या पत्रकातही होता, मला तेव्हा नीट उलगडला नव्हता.

आठ_सत्तावन्न_फास्ट:
ताई, आईंना नमस्कार सांगा. कोर्टाच्या मुद्द्यावर तुम्ही मला गप्प केलंत, हे मोकळेपणाने सांगतो. फिरत्या शौचालयांचं तर शंभर टक्के पटलं, त्याने स्टेशनवरचा ताणही कमी होईल. तरीही रेल्वेच्या फलाटावर मुक्काम ठोकण्याला माझा विरोध राहील.

चुनाभट्टी_सायन:
फलाट, रस्ता, मुक्काम यावरून आठवलं. मार्च २०१८चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च. ६ तारखेला नाशिकहून निघाले, ११ला रात्री आमच्याकडे सोमय्या मैदानावर मुक्काम. सकाळी निघून भायखळामार्गे आझाद मैदान असा बेत होता. पण दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. पोरांची कोंडी नको म्हणून ही माणसं, जवळपास १८० किलोमीटर तुडवून आलेली, मध्यरात्री उठली आणि अंधारातच चालायला लागली. पहाटे आझाद मैदान गाठलं.

आम्ही बिल्डिंगमधले चार-पाच जण बिस्किटं, पाणी घेऊन खाली उतरलो होतो. चालणाऱ्यांत पन्नाशी-साठीच्या आदिवासी बायका किती तरी. एका मावशींची चपल तुटलेली, सुतळीने पायाला बांधलेली. मी घरातली आईची चपल आणून दिली तर त्यांनी आधी विचारलं, "तिला लागंल ना सकाळी?" वनजमिनीचा पट्टा नावावर व्हावा म्हणून चालत होत्या. २००६चा वनहक्क कायदा, दावे टाकून वर्षं उलटलेली.

माझ्या भाचीचा त्या दिवशी पेपर होता. वेळेत पोचली. गणितात किती पडले ते विचारू नका.

घोडा_काळा:
ते उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि सुंदरच आहे. पण मला त्याचा जरा त्रासही होतो. शेतकऱ्याने रात्रभर चालून शहराला त्रास दिला नाही म्हणून आपण त्याच्यावर फुलं उधळली. म्हणजे आपल्याला आवडणारं आंदोलन कोणतं, तर जे आपण झोपेत असताना होतं. पुढच्या वर्षी पुन्हा निघावं लागलं, २०२३ मध्ये परत निघाले आणि मुंबईच्या अलीकडेच वाशिंदला थांबले. तेव्हा बिस्किटवाले किती होते?

चुनाभट्टी_सायन:
घोडासाहेब, मी होतो त्या रात्री, एवढंच लिहिलं. बिस्किटं दिली म्हणून प्रश्न सुटला असं कुठे म्हणालो? न देणाऱ्यांपेक्षा देणारे बरे की नाही?

घोडा_काळा:
बरेच. चिडू नका. तुमच्या आईच्या चपलेला माझा सलाम आहेच.

बिल्ला_नंबर:
नवरा पोलिसात आहे, त्यामुळे दोरीच्या दुसऱ्या टोकाचं लिहिते. मोठा मोर्चा असला की पहाटे चारला घर सोडतो. उभं राहायचं ते राहायचंच. जेवण येतं ते पाकिटातून, कधी पुलाव कधी पुरीभाजी, कधी तीनला कधी चारला. तुमच्या लंच-ब्रेकच्या वेळी तो उपाशीच असतो. एकदा आंदोलनातल्याच बायकांनी त्याला भाकरी-चटणी दिली होती. ड्युटीवर घेता येत नाही म्हणाला, तर एक आजी म्हणाल्या, आमच्याकडं बघू नगं, तिकडं तोंड करून खा. खाल्ली त्याने. म्हणजे थांबायचं झालं तर बॅरिकेडच्या दोन्ही बाजूंना पाणी विचारा.

टेम्सकाठची_बाभळी:
लंडनहून. ऑफिस वेस्टमिन्स्टरला, त्यामुळे दुपारचं सँडविच पार्लमेंट स्क्वेअरच्या हिरवळीवर. तिथे रोज कोणी ना कोणी उभं असतंच. इथली मंडळी एका हाताने खात दुसऱ्या हाताने घोषणांना ताल देतात आणि बरोबर एक वाजून पंचावन्न मिनिटांनी निघून जातात. ब्रायन हॉ नावाचा एक माणूस इराकवरच्या निर्बंधांविरुद्ध २००१ मध्ये या चौकात येऊन बसला तो जवळपास दहा वर्षं हटला नाही, २०११ मध्ये आजारपणात वारला. त्याला हटवता यावं म्हणून पार्लमेंटच्या आसपास निदर्शनांना पूर्वपरवानगी लागेल असा कायदासुद्धा २००५ मध्ये केला. तेव्हा 'नजरेआड न्या' हा उद्योग फक्त आझाद मैदानाचा नाही.

खारेदाणे:
दहा वर्षं एका जागी? आमचा लोनचा अर्जही एवढे दिवस एका टेबलावर बसला नव्हता. बसला होता, पण एवढा नाही.

गुगली_आझाद:
अवांतर. पण आझाद मैदान म्हटलं की आम्हा क्रिकेटवाल्यांना फक्त आंदोलन आठवत नाही. १९८८, शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा, शारदाश्रम शाळा. तेंडुलकर आणि कांबळी, ६६४ची भागी. तेही याच मैदानावर. अजूनही एका बाजूला नेट्स चालू असतात आणि दुसरीकडे 'जिंदाबाद'. मी क्लबकडून खेळायचो तेव्हा एकदा लाँग ऑनला उभा असताना मागून एवढ्या जोराची घोषणा आली की कॅच सुटला. कॅप्टन आयुष्यभर मानला नाही.

आठ_सत्तावन्न_फास्ट:
बघा, कॅचसुद्धा सुटतात. माझा मुद्दा सिद्ध झाला.

गुगली_आझाद:
अहो, कॅच माझ्याकडून तसाही सुटणारच होता, घोषणेने निदान कारण दिलं.

झूम_लेन्स:
जाता जाता, आंदोलनाच्या दिवशी तिथे चहा-खाणं कुठे मिळतं? बालवाडी_ते_बी_ई यांच्या आईंसारख्यांना कोणी आणून द्यायचं ठरवलं तर? सीएसएमटीसमोरचा 'आराम'चा वडापाव आहे, पण जास्त गर्दी झाली की त्या पट्ट्यातली दुकानं शटर ओढून घेतात. २०२५ मध्ये तेच झालं होतं, मग गावोगावहून भाकऱ्यांचे टेम्पो आले.

चुनाभट्टी_सायन:
वडापाव नको. आंबट-तिखट खाऊन उन्हात बसायचं, आणि वर सांगितल्याप्रमाणे पाण्याची चोरी. केळी न्या. केळी सगळ्यात बरी. वाटायला सोपी, प्लेट लागत नाही. फक्त सालांसाठी एक मोठी पिशवी न्या आणि ती परत येताना स्वतः उचला.

बालवाडी_ते_बी_ई:
केळी चालतील. ओआरएसची पाकिटंही. आणि शक्य असेल तर बायकांनी बायकांना सोबत घेऊन स्टेशनपर्यंत जा-ये करावी. भाषा, गर्दी, जिने, कुठला दरवाजा कुठे निघतो, याची त्यांना धास्ती असते. पाच मिनिटांचं काम आहे, चहापेक्षा मोठं.

उंबरठा_पंचाहत्तर:
हे मला आवडलं. माझी सून फोर्टातच आहे. तिला सांगते.

पायपीट:
आमच्या ऑफिसातल्या दोघी तयार आहेत, मी विचारलं. एकीने अट घातलीय की मीटिंगचं निमंत्रण दोनऐवजी अडीचचं लावायचं. साहेबांशी बोलतो. केळ्यांसाठी वर्गणी काढायची का? आणि इथले मुंबईकर कोण कोण येतील? मैदान नीट बघून ठेवायला एकदा कट्टाच करू, या शनिवारी?

खारेदाणे:
शनिवारी निवांत आहे. येतो. दाणे मी आणेन.

घोडा_काळा:
शनिवारी काय बघणार? फेब्रुवारी २०२० पासून सरकारला पाच दिवसांचा आठवडा आहे. मंत्रालय बंद, मग निवेदन घेणार कोण? छोटी आंदोलनं त्यामुळे सोमवार ते शुक्रवारच जास्त. अधिवेशन चालू असलेला एखादा बुधवार धरा.

आठ_सत्तावन्न_फास्ट:
बुधवारी मला जमेल. केळी आणतो, भायखळ्याला होलसेलमध्ये स्वस्त पडतात. रस्त्यात मात्र बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

गुगली_आझाद:
आणि केळी फेकू नका, झेलायला मीच असेन.